मिरचीबाजारातला फौजदार

इस्माईल कागदीला फौजदार कुणी केलं, असं जुन्नरच्या आठवडे बाजारात कुणालाही विचारलं तर लोक गोजरबाईचं नाव सांगत. ती अवसरी बुद्रुकची. मिरचीची पोती घेऊन यायची आणि वडाखालच्या जागेत दोन ढीग घालून बसायची, एक तिखटाचा आणि एक रंगाचा. इस्माईल पहिल्यांदा खाकी कोट घालून बाजारात उभा राहिला, तेव्हा तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या लसूणवाल्याला म्हणाली, "आता मापात मारू नगंस बाबा. फौजदार आलाय."

लसूणवाला हसला, त्याचं गिऱ्हाईक हसलं. हसण्याबरोबर ते नाव पुढच्या ओळीत गेलं, तिथून भांड्यांच्या गल्लीत, तिथून जनावरांच्या बाजारात. दिवस मावळेपर्यंत खुद्द इस्माईलच्या कानालाही ते नवं वाटेनासं झालं. पुढच्या बाजारी कुणी हसलंही नाही. त्याची बायको हाजराबी पाण्याला गेली की बायका तिला फौजदारीण म्हणून वाट देत, आणि ती घरी येऊन घागर जरा जोरातच खाली ठेवी.

त्याचं घराणं कागद करणाऱ्यांचं. चिंध्या आणि जुनी दोरखंडं कुटून लगदा करायचा, तो गवताच्या चाळणीवर झेलायचा, ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे आणि मग अकीकाच्या दगडानं घोटून चकचकीत करायचे. हे सगळं आजोबांबरोबर संपलं. गिरणीचा कागद आला, बाप विड्या वळायला बसला. घरात उरला तो दगड तेवढा, पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. इस्माईलनं कल्हई करून पाहिली, काही वर्षं टांगा हाकला, तंबाखूच्या वखारीत राहिला. कुठेच तो फार टिकला नाही. आळशी नव्हता, पण हातातलं काम चालू असताना त्याचं मन हळूच उठून कुठेतरी निघून जायचं, आणि ते परत येईपर्यंत घोडा भलत्याच वाटेला लागलेला असायचा.

मग बाजारात चोऱ्या वाढल्या. तालुक्याला शिपाई थोडे, आणि त्या थोड्यांना जत्रा, समन्स, वारंट, साहेबांचे दौरे. अडत्यांनी आपसांत ठरवलं की आपला राखणदार आपणच ठेवायचा. त्यांचा पुढारी सावळेराम, कांद्याचा अडत्या, बोलायला गोड आणि घाईचा माणूस. त्यानं इस्माईलला बोलावलं. नुसतं उभं राहायचं, बघत राहायचं, एवढंच काम. आपल्याला जन्मभर जे येत होतं त्याचेच पैसे मिळणार, हे इस्माईलला खरं वाटेना.

कोट सावळेरामनंच आणला. लढाई संपल्यावर पुण्याला मिलिटरीचा जुना माल लिलावात निघाला होता, त्यातला. पितळी बटणं होती. डाव्या खिशाच्या वर दोन बोटांएवढी एक जागा बाकीच्या कापडापेक्षा गडद होती. तिथे पूर्वी काहीतरी शिवलेलं असावं. हाजराबी तिथे रफू करायला बसली तेव्हा त्यानं करू दिलं नाही. तिथे पुढे बिल्ला लागणार होता.

बिल्ल्याचं असं होतं. तालुक्याच्या फौजदारानं अडत्यांना स्पष्टच सांगितलं होतं की राखणदार ठेवायला माझी ना नाही, पण तो पोलिसासारखा दिसता कामा नये. खाकी कोट, बिल्ला, शिट्टी हवी असेल तर रीतसर अर्ज करा, वरून परवानगी येऊ द्या. अर्ज वर गेला. सावळेरामच्या लेखी अर्ज गेला म्हणजे परवानगी आलीच. त्यानं कोट अंगावर चढवला आणि शिट्टी गळ्यात घातली. बिल्ला तेवढा राहिला.

बाजार भरात आला की मिरचीची बारीक लाल धूळ उन्हात तरंगू लागे. तिच्यातून पाहिलं की माणसं पाण्याखालून चालल्यासारखी वाटत, त्यांचे आवाज त्यांच्या मागून येत. शिवनेरीचा कडा झळांमध्ये जमिनीपासून सुटून थोडा वर आलेला दिसे. इस्माईल वडाला पाठ लावून उभा असे, एक हात खिशातल्या त्या अकीकाच्या दगडावर. हा सगळा बाजार आपण श्वास रोखून धरून ठेवला आहे, आपण हललो तर तो फुटेल, असं काहीतरी त्याला वाटत राही. त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहत असे. ते मिरचीनं. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येई. पण बाकीचे पुसत, हा पुसत नसे. फौजदारानं डोळे पुसणं बरं दिसत नाही, असं त्याला वाटे.

त्याला पाहून भुरट्या चोऱ्या खरंच थांबल्या. त्यानं कधी कुणाला धरलं नाही, शिट्टीही एकदाच वाजवली, ती सुद्धा बैल उधळला म्हणून.

एका फाल्गुनात, उन्हं चढायला लागली होती, तेव्हा आण्याच्या पठारावरचा एक शेतकरी बाजारात आला. धर्माजी त्याचं नाव. पठार उतरून आळेफाट्यापर्यंत पायी, तिथून कुणाच्या ट्रकमध्ये बसून. खांद्यावर घोंगडी, आणि दोन्ही हातांना तेलकट फडकी गुंडाळलेली. त्याला फौजदाराला भेटायचं होतं. गावच्या पाटलाकडे तो गेला नव्हता, कारण पाटील शेजारच्या रखमाजीचा मेहुणा होता आणि जे सांगायचं ते रखमाजीबद्दलचंच होतं. त्यानं मिरचीवालीला विचारलं, फौजदार कुठं असतो. गोजरबाई तराजूच्या काट्याकडे बघत होती. तिनं मान वर न करता हनुवटीनं दाखवलं, "त्यो काय वडाखाली."

तिनं चेष्टा केली नव्हती. चेष्टा कधीच संपली होती. आता ते नुसतं नाव होतं.

धर्माजी वडाखाली आला. समोरच्या माणसाच्या अंगावर खाकी होती, गळ्यात शिट्टी होती, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धर्माजी थोडा वेळ त्या पाण्याकडेच बघत राहिला.

"फौजदारसाहेब," तो म्हणाला, "मला सांगायचंय."

मी फौजदार न्हाई बाबा, चौकी त्या अंगाला हाय, असं सांगायला इस्माईलनं तोंड उघडलं. ते शब्द तयार होते, जिभेच्या टोकावर होते. पण बाहेर आला तो दुसराच शब्द.

"बोल," तो म्हणाला.

धर्माजी बोलला. रखमाजीची कडब्याची गंजी त्यानं पेटवली होती. भांडण नव्हतं, बांधाची कुरबूर नव्हती, काही नव्हतं. पाऊस कमी झाला, त्याच्या स्वतःच्या दारात गंजी झालीच नाही, पेंढ्या होत्या त्या जनावरांनी खाल्ल्या. रखमाजीची मात्र झाली. "लई उंच दिसत व्हती, साहेब," तो म्हणाला. "दिवस कलला की तिची सावली माझ्या वट्यावर यायची. मी उठून बसायचो, ती पुन्हा यायची." एका संध्याकाळी तो गेला, काडी लावली, घरी येऊन भाकरी खायला बसला. ओरड झाली तेव्हा विझवायला सगळ्यांत आधी तोच धावला. हात त्यातच भाजले. आणि रखमाजीनं, ज्याची गंजी जळाली त्यानं, आपल्या वट्यावर बसवून त्याच्या हातांना खोबरेल लावलं. रोज लावत होता. अजून लावत होता.

"ते सोसंना," धर्माजी म्हणाला.

इस्माईलनं त्याला वडाच्या पारावर बसायला सांगितलं आणि इथून हलू नकोस म्हणून बजावलं. तो हलला नाही. ऊन त्याच्यावरून सरकत गेलं, सावली आली, पुन्हा ऊन आलं. गोजरबाईनं दिलेलं पाणी तो प्यायला, तेही इस्माईलकडे बघून, परवानगी घेतल्यासारखं. ती दुपार इस्माईलला पुढे जन्मभर आठवत राहिली. कोट अंगाला पहिल्यांदाच बरोबर बसला होता. त्याला वाटलं, आपण हा माणूस चौकीवर नेला की ही दुपार संपेल. म्हणून तो बाजार उठेपर्यंत थांबला. नेताना मात्र खऱ्या फौजदारासारखा त्याच्या अर्धं पाऊल पुढे चालला.

खरा फौजदार साताऱ्याकडचा, किरकोळ अंगाचा, पोटाच्या दुखण्यापायी कायम ताक पिणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की हा तुझ्याकडे दुपारी आला, आता दिवे लागायची वेळ झाली, एवढा वेळ तो कुणाच्या ताब्यात होता.

"माझ्या," इस्माईल म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

फौजदारानं ताकाचा पेला खाली ठेवला. तो चिडला नाही, दमल्यासारखा बोलला. त्याचं म्हणणं असं, की मोठा गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर करणाऱ्याला धरून तडक चौकीवर आणायचा हक्क कुणालाही आहे, त्या मिरचीवालीलाही आहे. राखणदाराला त्याहून बोटभरही जास्त नाही. इस्माईलनं काही पाहिलं नव्हतं, तरी माणूस दुपारभर अडकवून ठेवला. अडत्यांनी कोट दिला म्हणजे त्यांनी अंगावर कापड घातलं. सत्ता त्यांच्याजवळच नव्हती, ते देणार कुठून.

"आता गंमत बघ," तो म्हणाला. "हा मला जे सांगेल ते कोर्टात चालत नाही. पोलिसापुढची कबुली कायदा मानत नाही. मारून वदवली असेल, असं धरून चालतात. तुला सांगितलेलं मात्र चालेल. का, तर तू कुणी नाहीस."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. घरी जाताना इस्माईल ते वाक्य बरोबर घेऊन चालला. गल्लीतल्या दिव्याखाली त्याची सावली पडली. तिच्यातही कोट होता.

चार दिवसांनी सावळेराम आला, तो खुशीतच. धर्माजीच्या भाऊबंदांनी वकील दिला होता आणि वकिलानं त्याला तोंड मिटून बसायला सांगितलं होतं. गंजी पेटवताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे सगळा खटला इस्माईलच्या साक्षीवर उभा. सावळेरामनं ते फार सोपं करून सांगितलं. मॅजिस्ट्रेटपुढं म्हणायचं की मी फौजदार नाही, साधा राखणदार आहे, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं, आणि तरी तो आपणहून बोलला. एवढं म्हटलं की कबुली पक्की होते, बाजाराच्या राखणदाराचं नाव होतं, परवानगी येते, बिल्ला लागतो. नाहीतर? नाहीतर त्यानं फौजदाराचं सोंग घेऊन माणूस डांबला असं ठरेल, आणि पिंजऱ्यात धर्माजीच्या जागी तो दिसेल.

"एक वाक्य, इस्माईलभाऊ," सावळेराम उठता उठता म्हणाला. "जास्त न्हाई."

हाजराबीनं चुलीपाशी बसून सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "अजी, तुमी राखणदारच हाये ना? मग त्यात खोटं काय?"

"हाय राखणदार. पण तसं त्याला सांगितलं न्हाई."

"त्यानं पेटवली का खरंच?"

"पेटवली."

"मग भोगू द्या की त्याला."

हाजराबीचं चुकत नव्हतं. धर्माजी गुन्हेगार होता, स्वतःच्या तोंडानं सांगून गेला होता. पण ते सांगणं इस्माईलसाठी आलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावानं आलेली शिदोरी आपण वाटेत सोडून खाल्ली, असं त्याला वाटत होतं, आणि आता विचारलं तर म्हणायचं की मी नाव सांगितलं होतं. कितीतरी दिवस तो खिशातला दगड नुसता फिरवत राहिला. झोपेत त्याला तो कोट दिसे, खुंटीवरून उतरून रिकामाच बाजारात जाणारा, आणि लोक त्या रिकाम्या कोटाला वाट देत, वाकून काहीतरी सांगत. कोट ऐकून घेई. त्याला तोंड नसल्यामुळे तो कुणाला काही सांगत नसे.

साक्षीच्या दिवशी सावळेरामनं त्याला कोट घालू दिला नाही. पांढरा सदरा आणि टोपी घालून तो उभा राहिला. अंग इतकं हलकं वाटत होतं की त्यानं कठड्याची लाकडी पट्टी धरून ठेवली. समोर धर्माजी बसला होता. हात बरे झाले होते, गुलाबी कातडी आली होती, आणि ते दोन्ही हात त्यानं मांडीवर उताणे ठेवले होते, कुणाची तरी वस्तू सांभाळावी तसे.

सरकारी बाजूनं धर्माजी काय बोलला तेवढं विचारून घेतलं, मग धर्माजीचा वकील उठला. धर्माजीनं काय म्हणून हाक मारली, असं त्यानं विचारलं. इस्माईल म्हणाला, फौजदारसाहेब. तुम्ही तेव्हा रडत होतात का? लोक हसले. मिरचीनं पाणी येतं, इस्माईल म्हणाला, आणि लोक आणखी हसले. गोजरबाई मागे दाराशी उभी होती, ती हसली नाही.

"त्यानं फौजदारसाहेब म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

ते एक वाक्य तयार होतं. सावळेरामनं इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की ते आता आपोआप येणार होतं. इस्माईलनं तोंड उघडलं. बाजारातल्या त्या दुपारी उघडलं होतं तसंच.

"मी म्हटलं, बोल."

"आणखी काय?"

"आणखी काही न्हाई. मी फौजदार न्हाई असं म्हणणार व्हतो. म्हटलं न्हाई. त्याला वाटलं मी हाय. मी वाटू दिलं. मला बरं वाटत व्हतं."

कोर्टात पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा हात तेवढा चालू होता. धर्माजीनं मान वर करून पहिल्यांदाच इस्माईलकडे पाहिलं. सुटका होणार हे त्याला कळलं की नाही कोण जाणे. त्याचा चेहरा आपली वस्तू कुणी परत केल्यावर एखाद्याचा होतो तसा झाला. ज्याला ती परत नको होती अशाचा.

पोलीस समजून, अडकून पडलेल्या माणसानं केलेलं बोलणं आपण धरत नाही, असं मॅजिस्ट्रेटनं म्हटलं. दुसरा पुरावा नव्हता. धर्माजी सुटला. इस्माईलवर खटला झाला नाही. खरं बोलला म्हणून कडक समज देऊन त्याला सोडलं. कोट आणि शिट्टी चौकीवर जमा झाली. अर्ज नामंजूर होऊन परत आला, आणि अडत्यांनी सरकारात खर्च भरून बाजाराच्या दिवसापुरता एक खरा शिपाई मागून घेतला. पैसा त्यांचाच राहिला, हुकूम सरकारचा झाला. शिपाई वडाखाली उभा राही आणि सारखे डोळे पुसत असे.

सावळेराम नंतर वर्षभर इस्माईलशी बोलला नाही. हाजराबीनं एकदा रिकाम्या खुंटीवर त्याचा सदरा टांगला आणि विषय संपवला. गोजरबाईनं त्याला आपल्या ढिगापाशी बसवलं. म्हणाली, मीच बुडवलं तुला, आता माझीच मिरची तोल. पुढे उभ्या आयुष्यात त्यानं तेच काम केलं. डोळे मात्र पुसायला लागला.

पाऊस पडून गेला, पिकं निघाली, आणि सुगीनंतरच्या एका बाजारी धर्माजी पुन्हा आला. वडाखाली शिपाई होता. त्याच्याकडे न बघताच तो मिरचीच्या ढिगापाशी येऊन उभा राहिला.

"मग आता माझं काय?" त्यानं विचारलं.

इस्माईल म्हणाला, कोर्टानं सोडलं की तुला, जा घरी.

"कोर्टाला मी कुठं सांगितलं व्हतं? मी तुमाला सांगितलं व्हतं. ते तसंच ऱ्हायलं." मग तो म्हणाला, "रखमाजी म्हणतो, सुटलास ते बरं झालं, कुणीतरी खोटंच घेतलं तुझं नाव. यंदा माझी गंजी झाली. त्योच येऊन रचू लागला."

तेव्हा न निघालेलं वाक्य इस्माईलच्या तोंडून आता निघालं. "मी फौजदार न्हाई, बाबा."

"ठावं हाय," धर्माजी म्हणाला. तो हलला नाही. त्या दुपारी पारावर बसला होता तसाच, हुकमाची वाट बघत उभा राहिला.

इस्माईलनं तराजूची पारडी एकात एक घातली. हात पदराला पुसावे तसे सदऱ्याला पुसले. गोजरबाईकडे पाहिलं. तिनं त्याच्या चपला पायानं पुढे सारल्या.

"चल," तो म्हणाला.

आळेफाट्यापर्यंत एस्टी मिळाली. पुढे दोघं चालत पठार चढले. वर आल्यावर सगळं सपाट झालं, आभाळ खूप खाली आलं, आणि उन्हाचा रंग वाळलेल्या कागदासारखा पिवळट झाला. चालताना कुणी कुणाच्या पुढे नव्हतं. इस्माईलला मधूनच वाटे की आपण मागेच कुठेतरी वडाखाली उभे आहोत आणि हे दुसरंच कुणीतरी चाललं आहे. मग पायात खडा टोचे आणि तो परत येई.

रखमाजीचं घर आलं तेव्हा दिवस कलला होता. अंगणाच्या कडेला जमिनीवर एक मोठं काळं वर्तुळ होतं, पावसानं धुऊन फिकट झालेलं, मधून गवत उगवलेलं. नवी गंजी त्याच्या शेजारी घातली होती. पलीकडे धर्माजीच्या दारात त्याची यंदाची, ठेंगणी. दोन्ही सावल्या एकाच दिशेला लांबत चालल्या होत्या.

रखमाजी बाहेर आला. थोराड, शांत माणूस. त्यानं घोंगडी पसरली, आत पाणी सांगितलं आणि धर्माजीला विचारलं, "हे पावणं कोण म्हणायचं?"

धर्माजीनं इस्माईलकडे पाहिलं.

"मी मिरचीबाजारातला," इस्माईल म्हणाला. "ह्याला काहीतरी सांगायचंय तुमाला. मी नुसता बसतो."

तो बसला. खिशातला दगड त्यानं मुठीत घेतला. तो चालून चालून अंगासारखाच गरम झाला होता. रखमाजीची नजर धर्माजीच्या हातांवर गेली, सवयीनं, बरे झालेत ना ते बघायला. धर्माजीनं ते हात उताणे करून पुढे धरले.

"गंजी लई उंच दिसत व्हती," त्यानं सुरुवात केली.

पठारावर वारा पडला होता. कुठेही मिरची नव्हती, धूळ नव्हती, आणि तरी इस्माईलला समोरची दोन माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसू लागली. त्यानं डोळे पुसले नाहीत.